पंख्याच्या दोरीची खाच

या बंगल्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव २०११ साली मी माझ्या हाताने लिहिला होता. आज त्याच बंगल्याला राज्य संरक्षित स्मारक करावं म्हणून मी कागद गोळा करत फिरतो. म्हणून आधी तो प्रस्ताव कसा लिहिला गेला, ते सांगतो.

निर्लेखन हा शब्द सरकारी नोकरीबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतो. इमारत वापरायला योग्य राहिली नाही असं ठरवून ती दफ्तरातून कमी करायची, मग तिचा सागवान, कौलं, दारं, खिडक्या, लोखंड यांची किंमत काढून लिलाव लावायचा. मी तेव्हा शाखा अभियंता होतो. वरून पत्र आलं, मी जागेवर गेलो, टेप लावली. अठरा इंची भिंती, काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, सागाच्या सहा कैच्या, मागे स्वयंपाकघर आणि नोकरांच्या दोन खोल्या. शेरा लिहिला: ‘इमारत जीर्ण, दुरुस्ती किफायतशीर नाही.’ एका दुपारचं काम होतं ते. पुढे सागवानाच्या किमतीवरून फाईल दोनदा परत आली, बदल्या झाल्या आणि ती कपाटात राहून गेली. बंगला वाचला तो एवढ्यामुळेच. त्यात माझं काडीचं श्रेय नाही.

बंगला पांझरा नदीकाठी आहे, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथलं काम अजून अर्धवट आहे आणि सागाच्या जुन्या लाकडावर डोळा ठेवून असणारे लोक आमच्या भागात कमी नाहीत. सरकारी कागदात त्याचं नाव ‘विश्रामगृह’. गावात सगळे ‘साहेबाचा बंगला’ म्हणतात. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपराची. त्यांच्यामध्ये उंच उतरत्या कौलांचं हे एकच घर, त्यामुळे नदीपलीकडून येताना आधी तेच दिसतं. दक्षिणेला आणि पश्चिमेला दहा फुटी व्हरांडा आहे. खानदेशातला मे महिना ज्याने काढलाय त्याला या व्हरांड्याचं मोल सांगायला नको. बाहेर पंचेचाळीस अंश असताना मधल्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकवली की थंडावा शर्टातून आत येतो. छताजवळ झरोके आहेत, तापलेली हवा तिकडून निघून जाते. कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा ठसा आहे. तिकडे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला होता. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेचा फाटा १९०० साली आला, त्याच्या आधी अशा वजनदार मालाला बैलगाडीशिवाय इलाज नव्हता. कौल हातात धरलं की मला आधी ती गाडी दिसते, साहेब नंतर.

आता माझी चूक. १९९४ साली याच बंगल्याच्या दुरुस्तीवर मी होतो. पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा फुगून पडत होता. मूळ गिलावा चुन्याचा. तालुक्यात चुन्याचं काम करणारा ठेकेदार नव्हता, मार्च अखेर तोंडावर होती, मी सिमेंटचा गिलावा करून घेतला. घोटून घेतला, वर डिस्टेंपर लावला, फोटो काढले, बिल निघालं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोत्याच्या वर हातभर उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटला. चार वर्षांत गिलाव्यासकट विटांचे पापुद्रे सुटायला लागले. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि तोंडावाटे सोडून देते. तिचं तोंड सिमेंटने बंद केलं तर पाणी आतच राहतं, क्षार विटेत जमतात आणि वीट आतून भुगा होते. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, पण गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या गवंड्याला विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी विचारलं नाही. २०११ ला ज्या भिंतीकडे बोट दाखवून मी ‘जीर्ण’ लिहिलं, ती मुख्यतः माझ्याच गिलाव्याने जीर्ण झालेली भिंत होती. हे मला निवृत्त झाल्यावर उमगलं आणि त्यानंतर बरेच दिवस मला नीट झोप लागली नाही.

२०१६ ला निवृत्त झालो. एके दिवशी सहज बंगल्यावर गेलो. कुलूप गंजलेलं, मागचं दार उघडंच. मागच्या व्हरांड्यात बसलो असताना भिंतीत डोक्याच्या जरा वर एक भोक दिसलं. सुपारी जाईल एवढं, आत लाकडी चौकट बसवलेली. नोकरीत असताना हे भोक मी पाहिलं असणारच. एम.बी.त, म्हणजे मोजमाप वहीत, त्याची नोंद नाही, कारण भोकाचं माप घेत नाहीत. वीरप्पन छाप मिशा ठेवणारा पूर्वीच्या चौकीदाराचा नातू शेजारी उभा होता. तो म्हणाला, पंख्याच्या दोरीचं आहे.

हॉलच्या तुळईला अजून दोन लोखंडी कड्या आहेत. त्यांना लाकडी पट्टीवर कापड शिवलेला पंखा टांगायचे. त्याची दोरी भिंतीतल्या या भोकातून मागच्या व्हरांड्यात यायची आणि तिथे जमिनीवर बसून एक माणूस ती ओढायचा. दुपारभर, साहेब झोपला असेल तर त्याची झोप होईपर्यंत. मी खुर्चीवर चढून भोकाच्या चौकटीत बोट घातलं. खालच्या कडेला एक खाच पडली होती. बोटाचं अर्धं पेर तिच्यात बसलं. साग काही मऊ लाकूड नाही. काथ्याच्या दोरीने त्यात एवढी खाच पाडायला किती उन्हाळे लागले असतील? आत हात फिरवला तर खाच काचेसारखी गुळगुळीत लागली.

नातवाला म्हटलं, बघ. त्यानेही बोट घातलं. त्याचा पणजोबा या बंगल्यावर होता हे त्याला माहीत होतं, काय काम करायचा ते माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही. बराच वेळ बोट तिथेच ठेवून उभा राहिला.

त्या दिवसापासून मी या कामाला लागलो.

लोक विचारतात, इंग्रजांचं घर कशाला जपायचं? प्रश्न रास्त आहे. १८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला, त्याने धुळ्याला ठाणं केलं, नव्या धुळ्याच्या सरळ गल्ल्या त्याच काळात आखल्या गेल्या. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लांनी कंपनीला सुखाने बसू दिलं नाही. १८२५ साली जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली आणि भिल्लांना भिल्लांच्या अंगावर घातलं. आग्रा रोडवर सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक कंपनीच्याच नोकरीत होता. १८५७ ला तो आणि भीमा नाईक उलटले, आणि ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला इंग्रजांशी लढाई झाली. हे सगळं आमच्याच मातीत झालं. आमच्या बंगल्यासारखे बंगले त्यानंतर रस्त्यांच्या, पाटांच्या, जंगलांच्या देखरेखीसाठी उठले. पांझरेवरचे दगडी बंधारे आणि फडाचं, म्हणजे शेतांचे गट पाडून पाळीपाळीने केलेलं, पाणीवाटप इंग्रजांच्याही आधीचं. त्या पाण्याची आकारणी करायला येणारा अंमलदार अशा बंगल्यांत उतरायचा. तो आला की गावाला वेठ. दूध, अंडी, गवत, गाड्या. माझी आजी सांगायची, मुलं ओरडत गल्लीतून पळायची, ‘साहेब उना रे उना, कोंबड्या दपाडा!’ म्हणजे साहेब आला, कोंबड्या लपवा.

या बंगल्याला कुणी गुलामीची निशाणी म्हणालं तर मी वाद घालत नाही, कारण ती निशाणी आहेच. पण तिच्यातला दगड आमच्या वडारांनी फोडला, चुना आमच्या बैलांनी दगडी चाकाच्या घाणीत मळला, साग आमच्या डोंगरातला. शिवाय ती खाच साहेबाने पाडलेली नाही. बंगला पाडला तर साहेबाचं काय जाईल? त्याची कागदपत्रं लंडनला नीट बांधून ठेवलेली आहेत. पंखा ओढणाऱ्याचा मात्र कुठे कागद नाही. त्याच्या हातची एवढीच खूण आहे, आणि ती या भिंतीत आहे.

मे महिन्याच्या ग्रामसभेत मी हे बोललो. एक तरुण सदस्य उठला. म्हणाला, काका, तिथे मंगल कार्यालय केलं तर पंचायतीला उत्पन्न आहे, तुमच्या खाचेचं काय करायचं? सभेत हसले लोक. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. गावाला लग्नाला जागा नाही, पाऊस आला की मांडव उडतो. मी म्हटलं, कार्यालय हवंच, त्यासाठी शाळेमागची गायरानाची जागा मागू, मी नकाशा फुकट काढून देतो. (दिलाही. तो प्रस्ताव आमच्या प्रस्तावाच्या पुढे गेला आहे, याचा मला आनंद आहे.) मग चौकीदाराचा नातू उठला. तो सभेत कधी बोलत नाही. एवढंच म्हणाला, ‘मांगली खोली ऱ्हाऊ द्या.’ मागची खोली राहू द्या. आणि खाली बसला. ठराव झाला.

ठरावात ‘बंगला, स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या, विहीर व आवार’ असे शब्द मी आग्रहाने घालून घेतले. त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या वर्षी एका सल्लागाराने सुशोभीकरणाचा आराखडा आणला होता. समोरचा व्हरांडा झकपक, आवारात पेव्हर ब्लॉक, कारंजं, फोटो काढायला कमान. मागच्या खोल्यांवर लाल रेघ आणि तिथे वाहनतळ. आराखडा काढणारा मुलगा हुशार होता, मन लावून काम केलेलं होतं. पण त्याच्या कागदावर घर समोरून सुरू होत होतं आणि समोरच संपत होतं. माझं म्हणणं मी त्याला शांतपणे सांगितलं. मागच्या खोल्या पाडल्या तर उरतं ते नुसतं साहेबाचं घर, आणि तसं घर जपायला मी माझ्या गुडघ्यांची झीज करणार नाही. पेव्हर ब्लॉकलाही माझा विरोध आहे, तो तांत्रिक. आवार फरसबंद केलं की पावसाचं पाणी मुरायला जागा राहत नाही, ते जोत्याकडे येतं, आणि भिंत पुन्हा ओल ओढायला लागते. आवारात मुरूम आणि भिंतीपासून लांब काढलेला चर, एवढंच पाहिजे.

दुसरा मोह नावाचा. एम. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले आणि सुरुवातीलाच खानदेशात आले. दातर्तीला पांझरेच्या पात्रातून पाणी नेणारी नळाची सायफन त्यांनी केली. आमच्या पेशातल्या माणसाला दातर्ती हे देवस्थानच आहे, मी वर्षातून एकदा तरी जातो. गावातले लोक म्हणतात, विश्वेश्वरय्या याच बंगल्यात उतरायचे, तसा फलक लावा, लगेच निधी येईल. बंगल्यात उतरलेल्या पाहुण्यांच्या नोंदवहीची दोन बाडं मला मिळाली, वाळवीने कडा खाल्लेली. पानन् पान पाहिलं, ते नाव नाही. नाही तर नाही. मोठ्या माणसाच्या नावावर खोटं स्मारक उभं करायचं नाही, असं मी ठरावाच्या वेळीच सांगितलं. त्या वहीत एका कोपऱ्यात ‘दूध पातळ’ अशी एका पाहुण्याची तक्रार आहे. ती खरी आहे, ती काचेत ठेवू.

आणि जिथे नाव खरं आहे तिथे लोकच घर जपतात, याचं उदाहरण लांब शोधायला नको. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ च्या जुलैअखेरीस धुळ्याला आले होते, त्याची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. भर पावसात बायका लेकरांना कडेवर घेऊन डोंगर चढतात. इंग्रज साहेबांच्या विश्रांतीसाठी बांधलेल्या जागेला लोकांनी आपल्या येण्याने आपलं करून घेतलं. मी दोन वेळा गेलोय. बंगल्याच्या पायरीवर एक आजी डोकं टेकवत होती. ते दृश्य आठवलं की मला आमच्या कामाला बळ येतं.

कायद्याचा रस्ता असा आहे. महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० खाली राज्य शासन वास्तू संरक्षित करतं. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींना दोन महिने मिळतात, मग अंतिम अधिसूचना. प्रस्तावाला सातबारा, गाव नकाशा, मोजणीची क प्रत, मोजमाप नकाशे, सगळ्या बाजूंचे फोटो, ग्रामसभेचा ठराव. माझ्या प्रस्तावात मोजणी अडली होती, कारण पूर्वेचा कोपरा शेजारच्या गोठ्यात गेला होता. गोठा कुणाचा, तर माझ्या चुलत मेहुण्याचा. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. शेवटी बहिणीने मध्ये पडून मिटवलं, दावणीचे खुंट त्याने स्वतः उपटले. जुन्या वास्तूच्या कामात कायदा थोडा आणि सोयरीक फार, हे मी अनुभवाने सांगतो.

संरक्षित झालं म्हणजे निळा फलक लागतो आणि कामाला सुरुवात होते. फलकाने कौलं फिरत नाहीत. म्हणून फलकाची वाट न बघता परवानगी काढून आम्ही एक भिंत हाती घेतली, माझी, पश्चिमेची. शेजारच्या गावात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गवंडीबाबा आहेत. त्यांच्या वडिलांनी घाणीच्या चुन्यात काम केलेलं. त्यांना रिक्षाने आणलं. त्यांनी आधी भिंतीला कान लावून हाताच्या सांध्याने ठोकलं, जिथे पोकळ वाजलं तिथे कोळशाने फुली मारली. अर्धी भिंत फुल्यांनी भरली. मी मान खाली घालून उभा होतो. सिमेंट छिन्नीने काढायला आठ दिवस लागले. मग त्यांनी भिंत तशीच उघडी ठेवायला लावली, पूर्ण हिवाळा. ओल जाऊ द्या म्हणाले. मी घाई करायला लागलो तर म्हणाले, ‘चुनाले घाई चालत नही, साहेब.’

चुनकळी टाकीत टाकली तेव्हा पाणी उकळायला लागलं. शाळेची पोरं बघायला आली होती, ती मागे सरली. निवलेला चुना गोणपाटाखाली महिनाभर मुरवला. लोण्यासारखा झाला. नदीची चाळलेली वाळू, जुन्या विटा कुटून केलेली सुरखी, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. गुळाला मुंग्या लागल्या तर बाबा म्हणायचे, लागू द्या, माल चांगला आहे. पहिला हात दिला, तो दोन दिवस लाकडी पट्टीने ठोकत बसले. थर बसला की ओली गोणपाटं लावायची आणि दिवसातून चार वेळा पाणी शिंपायचं, कारण आमच्याकडची कोरडी हवा चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि मग चिरा पडतात. चौकीदाराचा नातू झारी घेऊन रोज यायचा. बारा फूट बाय नऊ फुटांची एक भिंत करायला आम्हाला सव्वादोन महिने लागले. अशा अकरा भिंती आहेत.

काम चालू असताना एका नव्या मजुराने मागच्या व्हरांड्यातलं ते भोकही चांगल्या मनाने बुजवून टाकलं होतं. नशीब, माल ओला होता. बाबांनी खिळ्याने कोरून तो काढला, ओल्या फडक्याने खाच पुसली, आणि कुणी पुन्हा हात लावू नये म्हणून भोवती कुंकवाचं बोट ओढून ठेवलं. ते कुंकू अजून आहे.

यंदा मृगाच्या आधी कौलं शाकारून घेतली. चारशे बारा फुटकी निघाली. त्यातली ठशाची चांगली तेवढी वेगळी रचून ठेवलीत, समोरच्या उताराला लागतील. गावात किंवा आसपास कुणाचं जुनं मंगलोरी कौलांचं घर उतरत असेल तर कौलं भंगारात देऊ नका, मला कळवा, ट्रॅक्टर मी पाठवतो. आणि कुणाच्या घरी १९६०-७० च्या आधीचा असा फोटो असेल ज्यात मागे बंगल्याच्या पायऱ्या किंवा मागची खोली दिसते, तर तो नुसता बघायला द्या. लग्नाचा असो, शाळेचा असो. मागच्या खोलीचा मूळ दरवाजा कसा होता ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

परवा रात्री पहिला जोराचा पाऊस झाला. सकाळी सहाला बॅटरी घेऊन गेलो. पश्चिमेची भिंत कोरडी होती, तळहात लावून लावून पाहिली. हॉलच्या वायव्य कोपऱ्यात एक गळती आहे, कोनवाशापाशी, तिथे बादली लावून आलो. पाऊस उघडला की शिडी लावायची आहे.